दीड लाख किलोमीटर चाललेली मोटार

पुण्यामुंबईच्या जुन्या मोटारींच्या बाजारात अलीकडे एक दृश्य नित्य पाहावयास मिळते. दहाबारा वर्षांपूर्वी ४०-५० लाख रुपये मोजून एखाद्या कारखानदाराने किंवा नामांकित वकिलाने जी मर्सिडीझ, बीएमडब्ल्यू अथवा ऑडी दारात आणली, ती रंगाची झिलई शाबूत असताना आणि आसनांचे कातडे अद्याप मऊ असताना, आज एखाद्या नव्या छोट्या गाडीच्या किमतीत दलालाच्या आवारात उभी असते. आणि ज्याने उभ्या हयातीत काटकसरीने संसार केला, मुलांची शिक्षणे पुरी केली, आणि प्रशस्त, शांत, जड दाराच्या मोटारीत बसून एकदा कोल्हापूरला जावे एवढी एकच हौस मनात जपली, असा गृहस्थ त्या गाडीभोवती दोन फेऱ्या घालून पहिला प्रश्न विचारतो तो हाच, की ‘किती चाललीय?’ दलाल सांगतो, ‘एक लाख साठ हजार.’ त्या आकड्यापाशी पुष्कळांचे पाय अडखळतात, आणि जे पुढे सरकतात तेही मनात धास्ती घेऊनच सरकतात.

मी स्वतः अशी एक बरीच चाललेली गाडी सहा वर्षांपासून वापरीत आहे. ती मिळण्यापूर्वी दोन गाड्यांचा सौदा इसार देण्यापर्यंत येऊन मोडला. आणि या सर्व काळात गॅरेजच्या बाकावर बसून जे पाहिले, ऐकले व खिशाला झळ लागून शिकलो, त्यावरून माझे असे ठाम मत झाले आहे की जुन्या आलिशान मोटारीत आपण विकत घेतो ती मुख्यतः आधीच्या मालकाची निगा. ती निगा कागदावर, रबरावर, तेलावर आणि धातूवर आपल्या खुणा ठेवून जाते. त्या वाचता आल्या तर दोन लाख किलोमीटर चाललेली गाडीही निःशंक घ्यावी, आणि त्या वाचता येत नसतील तर चाळीस हजार चाललेलीही घेऊ नये.

या गाड्यांची नावे परदेशी असली तरी आपल्या रस्त्यांवर दिसणाऱ्या बहुतेकींची जुळणी याच देशात, आणि पुष्कळदा याच राज्यात झालेली असते. मर्सिडीझ-बेंझने १९९४ साली येथे कंपनी स्थापन केली आणि पिंपरीस टेल्कोच्या आवारात ई-क्लासची जुळणी आरंभली. २००९ साली चाकणला तिचा स्वतंत्र कारखाना उभा राहिला. स्कोडाने २००१ साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, बस्तान बसवले, आणि त्याच आवारात पुढे ऑडीच्या गाड्याही तयार होऊ लागल्या. बीएमडब्ल्यूने २००७ साली चेन्नईत कारखाना काढला. या इतिहासाचा जुनी गाडी घेणाऱ्यास प्रत्यक्ष उपयोग असा, की कारखान्यात वा अधिकृत कार्यशाळेत वर्षानुवर्षे हात घडवून मग स्वतःचे गॅरेज टाकलेले कारागीर आज पुण्याच्या व ठाण्याच्या परिसरात सापडतात, सुट्या भागांसाठी नाना पेठ आणि कुर्ल्याचा बाजार आहे, आणि संगणक जोडून गाडीची व्यथा वाचणारा मनुष्य शोधावयास आता परगावी जावे लागत नाही. हे सर्व ज्या गावी नाही तेथील माणसाने ही हौस करू नये असे मी म्हणत नाही. परंतु बिघडलेली गाडी ट्रकवर घालून शंभर मैल न्यावी लागेल, हा खर्च त्याने आधीच हिशेबात धरावा.

हिशेबाचा विषय निघालाच आहे, तर तो पुरता सांगतो. आलिशान गाडीची किंमत वर्षागणिक कोसळते, पण तिच्या सुट्या भागांची किंमत कोसळत नाही. ५० लाखांची गाडी ८ लाखांस मिळाली तरी तिचा दिवा, तिची हवेची स्प्रिंग, तिच्या गिअरबॉक्सचे नियंत्रक यंत्र ही ५० लाखांच्याच गाडीची राहतात, आणि ज्याने सगळी शिल्लक खरेदीतच ओतली, तो पहिल्या पावसाळ्यात हतबल होऊन गाडी पुन्हा दलालाच्या दारी नेऊन सोडतो. जवळ ८ लाख असतील तर ६ लाखांची गाडी पाहावी आणि २ लाख तिच्याच नावाने बाजूस ठेवावेत, हा माझा परिपाठ आहे, आणि विचारणाऱ्या प्रत्येकास मी तोच सांगत आलो आहे. खर्च आटोक्यात ठेवण्याचा एक प्रामाणिक मार्गही आहे. मोटार कंपनी सगळेच भाग स्वतः घडवीत नाही. ब्रेक, शॉकॲब्सॉर्बर, फिल्टर, इंजेक्टर, सांध्यांचे बुश हे बॉश, झेडएफ, साक्स, लेमफर्डर, माहले, मान अशा कारखान्यांकडून येतात, आणि तेच भाग त्या कारखान्यांच्या स्वतःच्या खोक्यात, मोटार कंपनीच्या चिन्हावाचून, बरेच स्वस्त मिळतात. नकली मालाशी मात्र यांची गल्लत होऊ देऊ नये. खोके, छाप व पावती यांची शहानिशा दुकानातच करावी.

या बाजाराचे मूळ दुखणे जॉर्ज अकेरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली एका निबंधात मांडले, आणि त्या विचारसरणीबद्दल २००१ साली स्पेन्स व स्टिग्लिट्झ यांच्या समवेत त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. निबंधातील उदाहरण जुन्या मोटारींचेच होते. विकणारास गाडीचे अंतरंग ठाऊक असते, घेणारास नसते. सबब घेणारा भीतीपोटी सरासरी किंमतच देऊ करतो. त्या किमतीत उत्तम गाडीच्या धन्यास नुकसान दिसते म्हणून तो बाजारातून अंग काढून घेतो. आणि मागे उरतो तो निकृष्ट माल. आपल्याकडे याचा पडताळा फार लांब जाऊन पाहावा लागत नाही. जी गाडी मालकाने पोटच्या पोराप्रमाणे सांभाळली ती जाहिरातीत क्वचितच येते. ती मेहुण्याकडे, सोसायटीतल्या शेजाऱ्याकडे, नाही तर जो मिस्त्री तिची देखभाल करीत आला त्याच्या ओळखीच्या माणसाकडे परस्पर जाते. म्हणून गाडी शोधण्याआधी मिस्त्री शोधावा. त्याच्याशी सहा महिने ओळख ठेवावी, आपल्याला काय हवे आहे ते त्याला सांगून ठेवावे, आणि त्याचा फोन येईपर्यंत थांबण्याची तयारी ठेवावी. मला माझी गाडी याच मार्गाने मिळाली.

आता किलोमीटरांच्या त्या आकड्याकडे वळू. ग्रीसमधील ग्रेगोरिओस साखिनिडिस नावाच्या टॅक्सीचालकाने १९७६ सालची मर्सिडीझ २४० डी ४६ लाख किलोमीटर चालवली आणि २००४ साली ती कंपनीच्या संग्रहालयास दिली. अमेरिकेत १९९६ सालच्या एका लेक्सस एलएस ४०० ने २०१७ साली दहा लाख मैलांचा, म्हणजे सोळा लाख किलोमीटरांचा टप्पा गाठला. पहिल्या गाडीत मधूनमधून इंजिने बदलली गेली हे सांगितले पाहिजे, आणि ही दोन्ही उदाहरणे अपवादात्मक आहेत हेही खरे. परंतु लाखाचा आकडा ओलांडला म्हणजे मोटारीचे आयुष्य संपले, ही जी समजूत अँबॅसडर आणि पद्मिनीच्या जमान्यापासून आपल्या मनात रुजली आहे, ती आजच्या यंत्रांना लागू पडत नाही एवढे त्यांवरून सिद्ध होण्यास हरकत नसावी.

मुळात किलोमीटर हे इंजिनाच्या श्रमाचे अपुरे माप आहे. समजा, कराडचा एक डॉक्टर दर आठवड्यास महामार्गाने पुण्यास येतो-जातो, आणि त्याची गाडी सरासरी ताशी ६० किलोमीटर वेगाने १,८०,००० किलोमीटर चालली. तर तिचे इंजिन ३,००० तास फिरले. दुसरी गाडी अंधेरीहून नरिमन पॉइंटास रोज गर्दीतून रखडत, सरासरी ताशी १५ किलोमीटरांनी, अवघी ६०,००० चालली; तर तिचे इंजिन ४,००० तास फिरले. दुसरीचा आकडा तिसऱ्या हिश्शाइतका असूनही तिचे यंत्र हजार तास अधिक राबले, तिच्या गिअरबॉक्सने असंख्य वेळा पहिला-दुसरा गिअर बदलला, तिचे ब्रेक सतत तापले, आणि डिझेल असेल तर धुराची काजळी जाळून टाकण्याइतकी उष्णता तिच्या फिल्टरला क्वचितच मिळाली. बाजारात मात्र दुसरीचाच भाव अधिक. ज्यास ही गोष्ट उमगली त्याला या बाजारात आपले पैसे वाचवण्याची खरी संधी आहे. याच्या उलट टोकाची गाडी म्हणजे दहा वर्षांत २५,००० चाललेली, धूळ खात उभी राहिलेली. तिच्या नळ्यांचे व सीलांचे रबर कडक होते, टायरांना बारीक चिरा जातात, ब्रेकच्या तेलात दमटपणा शिरतो, आणि ती पुन्हा नियमित धावू लागली की हे सारे एकामागून एक बोलू लागते.

शिवाय आकडा खराच असेल याची शाश्वती नाही. मीटर मागे फिरवण्याचा धंदा पूर्वी पेचकसाने चालत असे, आता संगणकाने चालतो. सुदैवाने आलिशान गाड्यांत हाच आकडा एकाहून अधिक नियंत्रक यंत्रांत, आणि बीएमडब्ल्यूसारख्या गाड्यांत किल्लीतही, नोंदला जातो. दर्शनी आकडा फिरवणारा प्रत्येक वेळी हे सर्व कोपरे झाडून जातोच असे नाही. याहूनही भक्कम पुरावा अधिकृत कार्यशाळेच्या दफ्तरात असतो. दरवेळी गाडी कामास आली की तारखेसह किलोमीटर लिहिले जातात; मालकाला बरोबर नेऊन चासी नंबरावरून तो इतिहास काढून घ्यावा, आणि २०१७ साली १,१०,००० लिहिलेली गाडी आज ७८,००० दाखवीत असेल तर पुढे एक शब्दही न बोलता उठावे. डोळ्यांना दिसणाऱ्या खुणाही बोलक्या असतात. ब्रेकच्या पायपट्टीचे रबर कडेला गुळगुळीत झालेले, स्टिअरिंगचे कातडे दहा-दोनच्या जागी चकचकीत, चालकाच्या आसनाची बाहेरची कड दबलेली, आणि मीटरवर ४०,०००, ही सोयरीक जुळत नाही. टायरच्या बाजूस चार आकडे असतात. ३२१८ म्हणजे २०१८ सालचा बत्तिसावा आठवडा. चारही टायर वेगवेगळ्या सालचे व वेगवेगळ्या कंपन्यांचे दिसले, तर त्या मालकाने बाकीच्या खर्चातही हीच वृत्ती ठेवली असणार, असे मी धरून चालतो.

आता रचनेविषयी. प्रत्येक यंत्राला एक मर्मस्थान असते, आणि गाडी कोणी कितीही जपली तरी ते मर्मस्थान तिच्याबरोबर जन्माला आलेले असते. बीएमडब्ल्यूच्या २००७ ते २०११ च्या सुमारास बनलेल्या एन ४७ या दोन लिटरच्या डिझेल इंजिनात टायमिंग चेन इंजिनाच्या मागल्या अंगास, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. ती सैल होऊन तुटल्याच्या तक्रारी जगभर झाल्या, आणि तेथवर पोचण्यासाठी इंजिन वा गिअरबॉक्स उतरवण्यावाचून गत्यंतर नसते. त्या काळची ५२० डी पाहताना चेन बदलल्याची पावती आहे काय, हा पहिला प्रश्न असावा. मर्सिडीझच्या ओएम ६५१ डिझेल इंजिनाच्या आरंभीच्या वर्षांत पिझो पद्धतीचे इंजेक्टर पुष्कळांचे बिघडले आणि पुढे कंपनीने निराळ्या पद्धतीचे इंजेक्टर बसवले. ज्या गाडीत हा बदल झाला आहे ती दीर्घायुषी असते. त्याच कंपनीच्या २००३ ते २००६ च्या ई-क्लासमध्ये ब्रेकला विजेच्या पंपाची एक नवीन योजना होती, जी नंतर कंपनीनेच सोडून दिली. केवळ स्वस्त मिळते म्हणून ती गाडी घेऊ नये. स्कोडा सुपर्बच्या डिझेल आवृत्तीचा तेलात बुडालेल्या क्लचांचा सहा गिअरांचा डीएसजी गिअरबॉक्स, दर ६०,००० किलोमीटरांस तेल बदलले असेल तर, विश्वासार्ह आहे, पण पेट्रोल १.८ आवृत्तीतील कोरड्या क्लचांचा सात गिअरांचा डीएसजी आपल्या उन्हाळ्यात आणि शहरी गर्दीत तितका टिकाव धरीत नाही. ऑडीचा जुना मल्टिट्रॉनिक गिअरबॉक्स मी कोणासही सुचवीत नाही.

गिअरबॉक्सच्या तेलाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे अवश्य आहे, कारण जास्त चाललेल्या गाडीचे भवितव्य पुष्कळदा तेथेच ठरते. अनेक कंपन्यांनी आपल्या पुस्तिकांत गिअरबॉक्समधील तेल ‘आजीवन’ असल्याचे छापले, आणि मालकांनी ते ब्रह्मवाक्य मानले. प्रत्यक्षात बीएमडब्ल्यू, ऑडी यांना गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ ही कंपनीच स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरांच्या दरम्यान तेल बदलावे असे सांगते. दीड लाख चाललेल्या गाडीत हे तेल एकदा तरी बदलल्याची पावती असेल, तर तिचा मालक जाणता होता असे खुशाल समजावे; त्या एका कागदावर मी किमतीत पन्नास हजार रुपये अधिक देण्यास तयार असतो. पावती नसेल तर गाडी थंड असताना आणि पुन्हा अर्धा तास चालवून गरम झाल्यावर, उभ्या जागी ब्रेक दाबून गिअर मागचा-पुढचा करून पाहावा. धक्का बसला किंवा क्षणभर काहीच घडले नाही, तर लाखाच्या घरातला खर्च समोर उभा आहे हे ओळखावे.

हवेच्या स्प्रिंगांवर तरंगणाऱ्या थोर गाड्यांचा मोह अनिवार असतो, हे मी जाणतो. त्यांची परीक्षा सोपी आहे: रात्री सपाट जागी उभी करून सकाळी पाहावी, एक कोपरा खचलेला दिसला तर रबरी पिशवीस चीर गेली आहे, आणि ती भरून काढता काढता हवेचा पंपही थकला असणार.

आणि केवळ विश्वासार्हता हाच निकष धरला, तर माझे मत कॅमरी हायब्रिडच्या बाजूने पडते. टोयोटाने २०१३ पासून ती बिडदीच्या कारखान्यात जुळवून येथे विकली. तिच्यात अडीच लिटरचे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर यांचा मिलाफ ग्रहगतीच्या दातेरी चक्रांनी साधला आहे, ज्यात घासून झिजणारे क्लच नाहीत, वेगळा स्टार्टर नाही, आणि ब्रेकचे बरेचसे काम मोटरच करीत असल्याने ब्रेकही सावकाश झिजतात. विजेची बॅटरी ही तिची एकमेव मोठी चिंता. आणि तिचेही आयुष्य पुष्कळ अंशी मागल्या आसनाजवळच्या त्या लहानशा जाळीवर अवलंबून असते, जिच्यातून पंखा बॅटरीस थंड हवा पुरवतो. ती जाळी धुळीने व कुत्र्यामांजरांच्या केसांनी चोंदलेली दिसली, तर बॅटरी वर्षानुवर्षे तापत राहिली आहे. जर्मन गाडीचे वळणावरचे ते जमिनीस खिळून धावणे कॅमरीत नाही, हे मान्य करूनही, ज्याला एकच गाडी परवडते आणि तिनेच दवाखान्यापासून लग्नकार्यापर्यंत सगळीकडे न्यावयाचे आहे, त्याने आधी तिचाच शोध घ्यावा.

माझ्या पहिल्या, थोडक्यात टळलेल्या फसगतीच्या प्रसंगी जे शिकलो ते येथे सांगतो. एका व्यापाऱ्याच्या आवारात सकाळी अकराची वेळ ठरली होती. माझे मिस्त्री मला मुद्दाम साडेनऊलाच घेऊन गेले. गाडी देखणी होती, धुऊन पुसून सावलीत उभी. मी दार उघडायला हात पुढे केला तसे ते म्हणाले, ‘काका, किल्ली लावायच्या आधी बॉनेटवर हात ठेवा.’ बॉनेट कोमट होते. म्हणजे कोणीतरी पहाटेच इंजिन सुरू करून तापवून ठेवले होते. रात्रभर गार पडलेले इंजिन पहिल्यांदा सुरू होते त्या दोनतीन सेकंदांत ते जे सांगते, ते गरम इंजिन दिवसभरात सांगत नाही: चेन सैल असेल तर डब्यात खिळे हलवल्यासारखा खडखडाट, झडपांच्या सीलातून तेल गळत असेल तर निळसर धुराचा एक लोट, इंजेक्टर खराब असेल तर अडखळती धडधड. आम्ही दुसऱ्या दिवशी पहाटे येतो म्हणालो. त्या व्यापाऱ्याने दोन दिवसांनी या असे सुचवले. आणि तो सौदा तेथेच राहिला.

त्या एका तळहाताने मला जेवढे शिकवले तेवढे कोणत्याही पुस्तकाने शिकवले नाही. परंतु हाताने कळत नाही ते मोजणारी साधनेही आता स्वस्त झाली आहेत. रंगाची जाडी मोजण्याचे छोटे यंत्र पत्र्यावर टेकवले की कारखान्यातला मूळ रंग शंभर ते दीडशे मायक्रॉनांच्या आसपास दाखवतो. तीनशेच्या वर गेले तर पुन्हा रंग दिलेला आहे, आणि हजाराच्या घरात गेले तर खाली लांबी भरली आहे. एक दार वा एक मडगार्ड रंगवलेले असणे ही आपल्या शहरांत क्षम्य गोष्ट आहे. छताला आणि खांबांना दिलेला रंग मात्र क्षम्य नाही, कारण छत सहजासहजी खरचटत नाही. ते उलटलेल्या वा चिरडलेल्या गाडीचेच दुरुस्त करावे लागते.

पुरात बुडालेल्या गाडीबद्दल महाराष्ट्रात तरी कोणास वेगळे समजावण्याची गरज नसावी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईत तळघरांतल्या व रस्त्यांवरच्या असंख्य मोटारी पाण्याखाली गेल्या. २०१९ व २०२१ साली कोल्हापूर-सांगलीने तोच अनुभव घेतला. विमा कंपनीने नुकसानभरपाई देऊन लिलावात काढलेली अशी गाडी धुऊन, वाळवून दुसऱ्या जिल्ह्यात विकली जाते. साध्या गाडीचा यातून निभाव लागू शकतो, आलिशान गाडीचा लागत नाही. कारण तिची अनेक नियंत्रक यंत्रे गालिच्याखाली आणि डिकीतील खळग्यात बसवलेली असतात, आणि तांब्याच्या तारांत शिरलेला हिरवा गंज सहा महिन्यांनी, वर्षाने, कधीही डोके वर काढतो. आसनाचा पट्टा शेवटापर्यंत ओढून पाहावा; तळाशी गढूळ पाण्याची रेघ आढळते. आसनाखालच्या रुळांचे स्क्रू गंजलेले आहेत काय ते विजेरीने पाहावे. अत्तराचा वास भपकन आला तर गालिचा उचलावयास सांगावे.

यंत्राची परीक्षा झाली म्हणजे काम निम्मे झाले. उरलेले निम्मे परिवहन कार्यालयाचे आहे, आणि त्यात हयगय करणाऱ्यांनी फार सोसले आहे. नोंदणीच्या दाखल्यावर बँकेचा बोजा आहे काय, असल्यास कर्ज फिटल्याचे बँकेचे पत्र व बोजा उतरवण्याचा नमुना ३५ हाती आला काय, थकलेले दंड आहेत काय, ही खातरजमा सरकारी वाहन प्रणालीवर गाडीचा क्रमांक घालून घरबसल्या होते. चासी व इंजिनावरचे क्रमांक स्वतः वाकून दाखल्याशी ताडून पाहावेत. मालकी हस्तांतरासाठी नमुना २९ व ३०, परराज्यातील गाडी असल्यास नमुना २८ चा नाहरकत दाखला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० अन्वये विकणाराने राज्यांतर्गत व्यवहार १४ दिवसांत व परराज्यातील ४५ दिवसांत, आणि घेणाराने ३० दिवसांत कळवावयाचा असतो. ‘कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन ठेवा, पुढचं बघू’ ही दलालाची सूचना दोन्ही पक्षांच्या मुळावर येणारी आहे: सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले की अपघातप्रसंगी कायद्याच्या दृष्टीने मालक तोच, ज्याचे नाव दफ्तरी नोंदलेले आहे, मग गाडी प्रत्यक्षात चार हातांतून का गेलेली असेना. विमाही १४ दिवसांच्या आत आपल्या नावे करून घ्यावा. त्यावरची दावा न केल्याबद्दलची सवलत जुन्या मालकाची असते, ती गाडीबरोबर येत नाही.

दिल्लीच्या गाड्यांविषयी वेगळा इशारा द्यावासा वाटतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली राजधानी परिसरात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांना मनाई केली आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली, तेव्हापासून तेथील आलिशान डिझेल गाड्या आश्चर्यकारक स्वस्त दरांत आपल्या बाजारात येत राहिल्या. त्यांत काही खरोखर उत्तम असतात. परंतु कायद्याने परराज्यातील गाडी बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ येथे ठेवल्यास येथली नोंदणी बंधनकारक आहे, त्यासाठी महाराष्ट्राचा कर भरावा लागतो, आणि तो कर, वाहतूक, नाहरकत दाखल्याची यातायात यांची बेरीज केली म्हणजे स्वस्ताईचा बराच भाग त्यात विरून जातो. पुदुच्चेरीच्या क्रमांकाच्या गाडीसही हेच लागू. आणि गाडी १५ वर्षांची होण्यास थोडाच अवधी उरला असेल, तर पुन्हा योग्यता तपासणी आणि पर्यावरण कर हे दोन्ही पुढ्यात आहेत, याची नोंद भाव ठरवतानाच घ्यावी.

माझ्या वाट्याला आलेली गाडी २०१२ सालची मर्सिडीझ ई २५० सीडीआय होती, १,६२,००० किलोमीटर चाललेली, एका डॉक्टरांची. ते सुरुवातीला विकण्यास नाखूश होते; मी तीन वेळा गेलो. तिसऱ्या वेळी त्यांनी कपाटातून एक जाड फाइल काढून टेबलावर ठेवली. आठ वर्षांच्या पावत्या तारीखवार लावलेल्या, प्रत्येकीवर किलोमीटर त्यांच्या हातचे, इंजेक्टर बदलल्याची नोंद, गिअरबॉक्सचे तेल १,०४,००० ला बदललेले, आणि शेवटच्या पानावर त्यांनी स्वतः लिहिलेली, अजून करावयाच्या कामांची यादी: पुढच्या खालच्या आर्मचे बुश, गिअरबॉक्सचे माउंटिंग, मागच्या काचेची मोटर. ती यादी त्यांनी मला न विचारता दिली. ‘हे करून घ्या, मग पाच वर्षं बघायला नको,’ ते म्हणाले. मी भावात घासाघीस केली नाही.

गाडी घरी आणल्यावर मिस्त्रींच्या सल्ल्याने पहिल्या आठवड्यातच इंजिन, ब्रेक, शीतक आणि गिअरबॉक्स यांची सगळी तेले व द्रव नवे घातले, सारे फिल्टर बदलले, नवी बॅटरी बसवली आणि यादीतली तिन्ही कामे उरकली. सव्वा लाखाच्या आत सर्व झाले. त्यानंतर त्याच फाइलमध्ये नवीन पान लावले, वर तारीख घातली, आणि डॉक्टरांच्या अक्षराखाली माझ्या अक्षरात पहिला आकडा लिहिला: १,६२,४१८.